४१ नंबरवर थांबलेलं गाणं

माझ्या सीडींचं खोकं सांगलीच्या घरी खालच्या खोलीत, दिवाणाखाली होतं. माळ्यावर जागा नाही म्हणून आईनं तिथं ठेवलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातल्या आमच्या घरात ती खोली छातीएवढ्या पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर चिखल उपसताना खोकं हाताला लागलं. पुठ्ठ्याचा नुसता लगदा झाला होता. चकत्या मात्र शाबूत होत्या. साध्या पाण्यानं धुतल्या, बाबांच्या जुन्या धोतरावर गच्चीत ओळीनं मांडल्या. आतल्या छापील पुस्तिका एकमेकींना चिकटून पार वीट झाल्या होत्या. त्यातली एक मी दोन दिवस फणीच्या दातानं हळूहळू सोडवत बसले होते. चार पानं सुटली, बाकीची फाटली. ती ‘बॅराफंडल’ या एका वेल्श बँडच्या रेकॉर्डची होती.

हे नाव आपल्याकडे कुणाला सांगून कळत नाही, आणि खरं सांगायचं तर लंडनमध्येही फार जणांना कळत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी २००४ च्या सप्टेंबरमध्ये वेल्समधल्या कार्डिफला गेले, सिव्हिलमध्ये एमएस्सी करायला. कॅथेज भागात एका घरात आम्ही चौघी राहायचो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर रस्त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला ‘आराव्ह’ हा शब्द. जिथंतिथं आराव्ह. म्हणजे हळू. प्रत्येक पाटीवर दोन भाषा. बँकेत दोन भाषा, ग्रंथालयात दोन भाषा, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा दोन. वेल्समध्ये वेल्श बोलणारे तेव्हा जेमतेम पाचातला एक होता, तरी पाटी दोन्ही भाषांतच. सांगलीतून आलेल्या मला याचं फार अप्रूप वाटलं.

आमच्या चौघींतली एक वेल्समधल्याच कार्मार्थन गावची होती. घरी आईशी फोनवर वेल्शमध्ये बोलायची. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत ऐकत बसायचे. एकदा ती कसलेतरी आकडे मोजत होती आणि माझा हात थांबला. सातला ती ‘साइथ’ म्हणाली, नऊला ‘नाउ’. मी तिला आपले आकडे म्हणून दाखवले. त्या रात्री आम्ही दोघी कागद घेऊन एक ते दहा लिहीत बसलो. तिचं ‘त्री’, माझं तीन. तिथून मैत्री झाली.

त्याच ऑक्टोबरच्या २५ तारखेला जॉन पील गेले, पेरूमध्ये, कुस्कोला. बीबीसी रेडिओ वनचे ते इतके जुने निवेदक की दुसऱ्या दिवशी त्या रेडिओवर दिवसभर त्यांच्याच आठवणी चालल्या होत्या. मला ते कोण हे माहीत नव्हतं. मैत्रीण मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडत होती. मी चहा टाकला. ती म्हणाली, आमच्या गावच्या पोरांची गाणी सगळ्या देशाला ऐकवणारा माणूस होता हा. मग वर जाऊन एक सीडी घेऊन आली. कव्हरवरचं बँडचं नाव मी वाचायला गेले आणि ‘मिन्सी’वर अडखळले. तिनं दुरुस्त केलं: वेल्शमध्ये ‘सी’ नेहमी क. मंकी. माकडच, फक्त वेल्श स्पेलिंगमधलं.

गॉर्कीज झायगॉटिक मंकी. १९९१ साली कार्मार्थनमध्ये शाळकरी पोरांनी काढलेला बँड. युरोस चाइल्ड्स गायचा आणि कीबोर्ड वाजवायचा, त्याची बहीण मेगन व्हायोलिनवर, रिचर्ड जेम्स आणि जॉन लॉरेन्स गिटार-बासवर. पहिले रेकॉर्ड आले तेव्हा ही मुलं विशीतही नव्हती. ‘बॅराफंडल’ १९९७ चा. तोवर ती मोठ्या कंपनीत, फाँटानाकडे गेली होती.

तिनं मला पहिलं लावलं ते ‘पॅटिओ साँग’. अंगणात बसलेल्या माणसाचं हलकंफुलकं, उन्हातलं गाणं. इंग्रजीत सुरू होतं. आणि मग मध्येच, काही न सांगता-सवरता, वेल्शमध्ये शिरतं. चाल तीच, गळा तोच, फक्त भाषा पालटते. मी मैत्रिणीला विचारलं, हे वरच्याचंच भाषांतर का? ती म्हणाली, छे, हे वेगळंच आहे. इंग्रजीवाल्याला कळलं नाही तर नाही कळलं.

मला ते फार लागलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हींत कायम एक तणाव. शाळेत मराठी निघाली तर दंड, घरी इंग्रजी निघाली तर बाबांच्या कपाळाला आठी. दोन भाषा एकाच गाण्यात अशा शेजारी शेजारी बसलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. कुणी कुणाची दुभाषी नाही, कुणी कुणाची माफी मागत नाही. पुढं मैत्रिणीनं सांगितलं की वेल्समधल्याच काही कडव्या मंडळींना या पोरांनी इंग्रजीत गाणं पटलं नव्हतं, आणि लंडनवाल्यांना ती वेल्श म्हणजे एक गंमत वाटायची. दोन्हीकडून बोलणी खाऊनही ती पोरं तशीच गात राहिली.

आता ४१ नंबरचं सांगते. ब्रिटनमध्ये तेव्हा रविवारी संध्याकाळी रेडिओ वनवर त्या आठवड्याची विक्रीतली पहिली ४० गाणी उलट्या क्रमानं लागायची. पोरं कॅसेट लावून बसायची. ४० नंबरला पोचलं की गाणं सगळ्या देशाच्या कानावर जायचं. ‘पॅटिओ साँग’ १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि ४१ वर थांबलं. पुढं त्यांची आणखी सात गाणी त्या विक्रीच्या यादीत पहिल्या ७५ मध्ये आली. एकूण आठ. एकही ४० च्या आत गेलं नाही. पहिल्या चाळिसाला न शिवता पहिल्या ७५ मध्ये सगळ्यात जास्त वेळा येण्याचा विक्रमच त्यांच्या नावावर आहे. मैत्रीण तेव्हा शाळेत होती. गावातली अर्धी पोरं त्या रविवारी रेडिओला कान लावून होती, असं ती सांगायची. चाळिसावं गाणं लागलं, ते दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि तिच्या भावानं रेडिओ बंद केला.

मी नंतर तो सगळा बँड मागून पुढं ऐकला. स्पिलर्समधून एकेक सीडी घेत गेले. कार्डिफमधलं हे दुकान १८९४ पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणून ओळखलं जातं. तेव्हा ते द हेजवर होतं. पौंड ऐंशीच्या पुढं होता आणि मी प्रत्येक सीडीचे मनातल्या मनात रुपये करायचे, तरी महिन्याला एक घ्यायचेच. फाँटानानं १९९८ मध्ये त्यांना सोडलं. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी ‘स्पॅनिश डान्स ट्रूप’ काढला, आणि माझ्या मते तो त्यांचा सगळ्यात मायेचा रेकॉर्ड आहे. मोठ्या कंपनीनं हात काढून घेतल्यावर माणसं चिडतात, ओरडतात. यांचा आवाज उलट खाली आला. व्हायोलिन पुढं आलं, पियानो घरातल्यासारखा वाजू लागला. २००० चा ‘द ब्लू ट्रीज’ तर इतका हळू आहे की शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तरी लावता येतो. मी परीक्षेच्या रात्री तोच लावून अभ्यास करायचे. मुक्त पृष्ठभागाच्या प्रवाहाची समीकरणं आणि मेगन चाइल्ड्सचं व्हायोलिन माझ्या डोक्यात आजही एकत्र आहेत.

शेवटचा रेकॉर्ड २००३ चा. मी पोचायच्या आधीचा. त्यांना एकदा तरी समोर ऐकायचं म्हणून मी वाट बघत राहिले. २००६ च्या मे महिन्यात बातमी आली की बँड संपला. भांडण नाही, निरोपाचा दौरा नाही. पंधरा वर्षं झाली, आता थांबतो, एवढंच.

त्या काळात माझ्या कानावर आलेले बरेच बँड नंतर मोडले. साऊथॅम्प्टनचे डिलेज मला सगळ्यात जवळचे. त्यांचा पहिला रेकॉर्ड, ‘फेडेड सीसाइड ग्लॅमर’, २००४ चा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बाईच गातेय. इतका उंच, स्वच्छ आवाज ग्रेग गिल्बर्टचा. भाऊ एरन कीबोर्डवर. २००६ मध्ये मी त्यांना कार्डिफमध्ये एका छोट्या जागेत ऐकलं. शंभर-सव्वाशे माणसं असतील. माझ्यापुढं एक आजोबा होते, कोट घातलेले, आणि ग्रेगनं वरचा सूर लावला की ते दर वेळी डोळे मिटायचे. मी बँडपेक्षा त्यांच्याकडेच बघत राहिले. त्यांचंही असंच झालं: चार रेकॉर्ड, एखादं गाणं थोडं वर गेलेलं, आणि मग शांतता. २०१६ मध्ये ग्रेगला आतड्याचा कॅन्सर निघाला. तो चित्रकारही होता, हे मला तेव्हा कळलं. साध्या बॉलपेननं, काडेपेटीएवढ्या कागदावर काढलेली चित्रं. चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती, निळ्याकाळ्या रेघांच्या जाळीतून उमटलेली. २०१९ मध्ये साऊथॅम्प्टनच्या कलादालनात लिओनार्दो दा विंचीची रेखाटनं आली, तेव्हा याचीही चित्रं तिथं लागली होती. मी पुण्यात फोनवर त्यातलं एक मोठं करून बघत होते आणि जितकं मोठं करावं तितक्या रेघा वाढतच होत्या. ३० सप्टेंबर २०२१ ला तो गेला. ४४ वर्षांचा होता. त्या दिवशी मी साइटवर होते. संध्याकाळी गाडीत बसून ‘निअरर दॅन हेवन’ लावलं आणि ते संपेपर्यंत गाडी सुरू केली नाही.

शेफील्डच्या लाँग ब्लाँड्सचं जाणं अचानक झालं. २००६ मध्ये पहिला रेकॉर्ड, पल्प बँडच्या स्टीव्ह मॅकीनं केलेला. २००८ मध्ये दुसरा. आणि त्याच वर्षी गिटार वाजवणाऱ्या, गाणी लिहिणाऱ्या डोरियन कॉक्सला पक्षाघाताचा झटका आला. पुढं काही महिन्यांत त्यांनी बँड मिटवला. काहीच वर्षांपूर्वी सुरू झालेलं, ऐन भरातलं काम. गायिका केट जॅक्सन आता चित्रं काढते: हमरस्ते, उड्डाणपूल, रस्त्याकडेचे थांबे, काँक्रीटच्या इमारती. सपाट, स्वच्छ रंगात. मी रस्त्यांच्या कामात आयुष्य घालवलेली बाई; पुलाच्या कठड्याकडे इतक्या प्रेमानं बघणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. त्यांच्या एका गाण्याचं नावच ‘सेपरेटेड बाय मोटरवेज’ आहे, तेव्हा ती ओढ गाण्यांतही होतीच.

मॅकाबीज या बँडचं तुम्हाला वेगळ्या वाटेनं माहीत असेल. माझा धाकटा भाऊ क्रिकेटवेडा. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनचा ‘टेलेंडर्स’ नावाचा पॉडकास्ट तो गाडीत ऐकतो. त्यात अँडरसन आणि रेडिओ निवेदक ग्रेग जेम्ससोबत एक तिसरा आवाज असतो, फीलिक्स व्हाइट. दोन वर्षं ऐकून झाल्यावर मी त्याला सांगितलं की अरे, हा मॅकाबीजचा गिटारवाला. त्याला खरं वाटेना. मग ‘लॅचमियर’ ऐकवलं. बॅटरसीतल्या एका पोहण्याच्या तलावावरचं गाणं आहे, जिथं यंत्रानं लाटा यायच्या. २००७ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं. पोहण्याच्या तलावावर इतकं जीव टाकून कुणी गाऊ शकतं, हे भावाला पटायला एकदाच ऐकावं लागलं. २०१५ चा त्यांचा चौथा रेकॉर्ड तिथं पहिल्या नंबरला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं. २०१७ च्या उन्हाळ्यात अलेक्झांड्रा पॅलेसला निरोपाचे कार्यक्रम झाले. वर पोचल्यावर, सगळे चांगले असताना थांबणं याला फार धीर लागतो. २०२५ मध्ये ते परत एकत्र आले आणि भावानं मला मध्यरात्री फोन करून उठवलं.

गॉर्कीजनी परत एकत्र यावं असं मात्र मला वाटत नाही, आणि हे मी विचार करून सांगतेय. युरोस चाइल्ड्स थांबलेला नाही. बँड संपला त्याच वर्षी त्याचा स्वतःचा रेकॉर्ड आला, त्याच्या पुढच्या वर्षी ‘बोरे दा’, म्हणजे सुप्रभात, तो अख्खा वेल्शमध्ये. मग त्यानं नॅशनल एल्फ नावाचं स्वतःचं चिमुकलं लेबल काढलं आणि जवळपास वर्षाला एक रेकॉर्ड काढत राहिला. रिचर्ड जेम्सही स्वतःचं काढतो. ते ‘बॅराफंडल’ होतं एका वयाचं. शाळेतल्या मित्रांनी, बहीणभावांनी, एका गावात, पोटापाण्याची काळजी नसताना केलेलं. पन्नाशीच्या माणसांनी तिकीट लावून ते परत करून दाखवावं, अशी मागणी माझ्या तोंडून निघत नाही. ज्यांना तेव्हा ऐकता आलं नाही त्यांनी ते रेकॉर्ड ऐकावेत, एवढंच माझं मागणं. कारण ते खरोखर दुर्लक्षित राहिले. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गाण्यांबद्दल कुणी बोलायला लागलं की ब्लर आणि ओएसिसच्या भांडणापाशी सुरुवात होते आणि तिथंच संपते. वेल्सचं नाव निघालंच तर सुपर फरी ॲनिमल्स आणि कॅटाटोनिया. तेही चांगलेच होते. पण कार्मार्थनच्या या पोरांचं नाव यायला आपल्यालाच खाकरावं लागतं.

गॉर्कीज संपल्याची बातमी आली त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, २००६ च्या जूनमध्ये, मैत्रीण म्हणाली, चल, बॅराफंडलला जाऊ. मला तोवर तो नुसता रेकॉर्ड वाटत होता. तो पेम्ब्रोकशरमधला समुद्रकिनारा आहे. कार्डिफहून स्वानसी, तिथून कार्मार्थनवरून लहान गाडीनं पेम्ब्रोक, मग बसनं ‘स्टॅकपोल की’ नावाचा धक्का. वाळूपर्यंत रस्ताच नाही. धक्क्यापासून कड्यावरच्या पायवाटेनं दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, मग दगडी भिंतीतली एक कमान लागते, त्यातून पायऱ्या खाली उतरतात. कमानीतून खालचं पाणी दिसलं तेव्हा मला देवगड आठवलं, खोटं कशाला बोलू. एवढंच की इथं जूनमध्येही वारा बोचत होता. किनाऱ्यावर एक टपरी नाही, एक बाक नाही. मैत्रिणीनं पिशवीतून छोटा सीडी प्लेअर काढला, दोघींनी इअरफोनचं एक एक टोक कानात घातलं, आणि अख्खा रेकॉर्ड ऐकला. वाऱ्यानं अर्धं ऐकू आलं नाही.

निघायला उशीर झाला आणि शेवटची बस चुकली. मग पेम्ब्रोकपर्यंत चालत. दीड-दोन तासांची वाट, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, आणि त्या दिवसांत तिकडं साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळं भीती नव्हती. वाटेत तिनं मला ‘पॅटिओ साँग’चा वेल्श भाग शिकवायला घेतला. एक ओळ ती म्हणायची, मी मागून म्हणायचे. माझा ‘ल’ चुकायचा. वेल्शमध्ये दोन ‘ल’ एकत्र आले की जीभ टाळूला लावून बाजूनं वारा सोडायचा असतो, ते जमेना. मी तिला आपला ‘ळ’ म्हणून दाखवला, तो तिला जमेना. एका फाटकापाशी थांबून आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडात वाकून जीभ कुठं लागते ते बघत होतो. एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला, मग त्यानं वेल्शमध्ये काहीतरी विचारलं. तिनं सांगितलं. तो हसला नाही. इंजिन बंद करून त्यानं मला तो ‘ल’ दोनदा म्हणून दाखवला, सावकाश, आणि मी म्हटल्यावर मान हलवली.

स्टेशन येईपर्यंत ते कडवं मला पाठ झालं होतं. अजून आहे.